पायरीवरून दिसेल तो हजर

३ मार्च

प्रिय खारूताई,

वरच्या शाळेतलं तुझं सामान माझ्याकडे आलं आहे. ते कुठे पाठवू, एवढंच विचारायला हे पत्र. फोन तू उचलत नाहीस, म्हणून टपालाने.

झालं असं, की शाळा मंडळाने ती इमारत आता कोठार म्हणून वापरायची ठरवली आहे. मोडकी बाकं, जुनी कपाटं, मंडळाच्या तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा भिजलेली पुस्तकं, सगळं तिथे जाणार. त्याआधी खोल्या रिकाम्या करायच्या होत्या आणि तुझ्या कपाटाची किल्ली कुणालाच सापडेना. मग ऑफिसातून मला निरोप आला, की बाई, एवढं तुम्हीच आवरून द्या. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी त्यांना अजून मीच आठवते. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

तर सामान असं. एक छत्री. निळा स्वेटर, कोपरावर मी रफू केलेला. तू स्वतः विकत आणलेलं भिंतीवरचं घड्याळ, ते बंद आहे, सेल गळून आत गंज चढला आहे. रंगीत खडूंचे अडीच डबे. म्हणजे खडू साठवायची खोड गेली नाही तर. मी ऑफिसातून आणलेले तुकडे तू गालात धरून घरभर हिंडायचीस, त्यावरून तुझ्या बाबांनी हे नाव ठेवलं. ते असते तर हे डबे बघून हसले असते.

आणि शेवटच्या वर्षाचा हजेरीपट. तो खरं तर मंडळात जमा करायचा असतो. अजून केलेला नाही.

उतरून खाली दुकानापाशी बसची वाट बघत होते, तेवढ्यात मोठ्या शाळेची बस आली. वरच्या वस्तीतली मुलं आता तिनेच जातात, जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. दोन लहानग्यांचे चेहरे ओकून ओकून पांढरे पडले होते. एका मुलीला बाकीचे ‘ए चाळीस’ म्हणून हाका मारत होते. ती वळत नव्हती. पण तिला सगळे तसंच म्हणत असावेत, कारण ड्रायव्हरसुद्धा म्हणाला, चाळीस, तुझी बाटली राहिली गं. मुलांना काय, कशावरूनही नावं पाडतात.

पत्ता बदलला असेल तर कळव.

तुझी
आई


२१ मार्च

प्रिय खारूताई,

उत्तर आलं नाही, तेव्हा जुन्याच पत्त्यावर पार्सल पाठवलं. पोचपावतीवर सही तुझीच आहे. म्हणजे तू तिथेच आहेस, एवढं कळलं. घड्याळात नवा सेल घालून बघितला. चालतं. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं, तेवढं सांभाळून घे.

दोन वर्षं झाली. तू गेलीस तेव्हा दार आपटलंही नाहीस, नुसतं ओढून घेतलंस. आपटलं असतंस तर निदान मागून ओरडता आलं असतं.

तुझ्या आताच्या शाळेत मोजणीचा दिवस नसेल. खाजगी शाळेला कोण मोजायला येणार? कुणी विचारलं, की तुझ्या आईने तुझी शाळा बंद केली म्हणजे काय केलं, तर तू काय सांगतेस कोण जाणे. मी असते तर असं सांगितलं असतं. सत्र सुरू झाल्यावर दुसऱ्या बुधवारपासून मंडळाचा माणूस रोज एकेका शाळेत जातो आणि वर्गात हजर असलेली मुलं मोजतो. पटावरची नावं धरत नाहीत, डोकी धरतात. साडेदहाला घंटा होते. घंटेपासून पाव तासाच्या आत त्याने मोजणी वहीत आकडा आणि वेळ लिहून सही करायची. चाळीसपेक्षा कमी मुलं असली तर ती शाळा जवळच्या शाळेत मिसळायची. आकडा मी लिहिते, ठराव मंडळ करतं. मी लिहिलं एकोणचाळीस. मंडळाने एका महिन्यात ठराव केला, सर्वानुमते. यात माझा हात कुठे आला?

हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. आता लिहून बघितलं तर पुन्हा तेच आलं.

त्या वर्षी वरच्या शाळेची मोजणी दुसऱ्या कुणाला तरी द्या, असं मी म्हणायला हवं होतं, असं तुला वाटत असेल. मी म्हटलं होतं. पण माणसं तीन आणि शाळा एकोणीस. आपला चष्मेवाला, तो टेबलावर बसून पाय हलवत बोलतो तो, सगळ्यांसमोर म्हणाला, की बाईंनाच जाऊ द्या की वर, घरचीच मोजणी आहे, या वेळी पायरी जरा रुंद होईल. सगळे हसले. मीही हसले.

त्याच्यावर राग नाही. तो आता माझ्या खुर्चीत बसतो.

तब्येत सांभाळ. स्वेटर धुऊन पाठवला आहे.

तुझी
आई


८ एप्रिल

प्रिय खारूताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून रेघ सोडून वर चढतं.

एकच ओळ लिहिलीस. ‘त्या दिवशी तू वरून किती वाजता निघालीस?’ ना प्रिय, ना सही. ठीक आहे.

मोजणी वहीत वेळ लिहिलेली आहे. दहा एकतीस. वही मंडळात आहे, कुणालाही बघता येते.

इकडे उन्हाळा सुरू झाला. शेजारच्या शिवणवाल्या बाई मंडळावर निवडून आल्या आहेत. पहिल्या बैठकीला जाताना माझ्याकडे येऊन विचारून गेल्या, की इतिवृत्त म्हणजे काय आणि ते वाचून झाल्यावर मान हलवायची असते का. मी म्हटलं, बाकीचे सगळे हलवतात. तर म्हणाल्या, मी माप घेतल्याशिवाय मान हलवत नाही. चांगली बाई आहे.

तुझी
आई


१२ एप्रिल

खारूताई,

आठ तारखेचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत लाज वाटायला लागली. तू विचारलं होतंस मी किती वाजता निघाले. मी उत्तर दिलं सही किती वाजता केली त्याचं. बत्तीस वर्षं कागदावर काम केलं की हे आपोआप जमतं.

आता नीट सांगते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहिते आहे.

तुला पायरीचं माहीत आहे. चष्मेवाल्याचा विनोद त्याच्यावरूनच होता. मी नोकरीला लागले तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी मला पहिल्या मोजणीला सोबत नेलं होतं. वर्गातली डोकी मोजून झाल्यावर ते वही काखेत मारून बाहेर आले, शाळेच्या पायरीवर उभे राहिले आणि रस्त्याकडे बघत राहिले. मी विचारलं, कुणाची वाट बघताय? ते म्हणाले, ‘पायरीवरून दिसेल तो हजर. मूल शाळेकडे निघालंय ना? मग ते शाळेतच आहे.’ घंटेनंतर पाव तास त्यासाठीच दिलेला आहे, असं ते सांगायचे. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. पण तेव्हापासून मंडळात मोजणीला गेलेला प्रत्येक जण पायरीवर उभा राहतो, रस्ता बघतो आणि मग सही करतो. मी बत्तीस वर्षं तेच केलं. नदीकाठच्या शाळेत एकदा अकरा मुलं पायरीवरून मोजली, होडी उशिरा आली होती म्हणून. ती शाळा अजून चालू आहे.

फक्त तुझ्या शाळेत मी सही आत केली. तुझ्या टेबलावर.

एकोणचाळीस भरले. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, फळ्यावर तारीख लिहीत होतीस. मला वाटलं, आता मी पायरीवर जाऊन उभी राहिले तर ही मुलं, ही भिंत, सगळे म्हणतील, की बघा, पायरी रुंद झाली. मी टोपण काढलं आणि लिहिलं. एकोणचाळीस, दहा एकतीस, सही. तुझ्यासाठी एक मिनिटही जास्त दिलं नाही, याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला. हे तुला सांगायला हवं. मी घाबरले नव्हते, चुकून केलं नव्हतं. मला अभिमान वाटला.

मग मी बाहेर आले. पायरीवर. सवयीने रस्त्याकडे बघितलं.

एक मुलगी चढावर होती. पाण्याच्या टाकीच्या वळणापाशी. चपलेचा पट्टा तुटलेला असावा, कारण एका पायात चप्पल होती आणि दुसरी हातात. ती पळत होती, एका बाजूने लंगडल्यासारखी. मी हात वर केला. तिनेही केला, चपलेचाच हात. मला हसू आलं.

वही काखेत होती. पेन खिशात होतं. पाव तासातली चौदा मिनिटं शिल्लक होती. एकोणचाळीसवर आडवी रेघ मारून बाजूला चाळीस लिहायचं आणि शेजारी छोटी सही करायची. अशी दुरुस्ती मी ऑफिसच्या इतर कागदांवर शंभरदा केली असेल. मी उभी राहिले. ती जवळ आली, धापा टाकत म्हणाली, ‘बाई, झाली का हो मोजणी?’ मी म्हटलं, जा आत, बाई वाट बघतायत. आणि उतरायला लागले. तेव्हा दहा पस्तीस झाले असतील. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

तुझ्या हजेरीपटात तिच्या नावापुढे तू लाल शाईने वेळ लिहिली आहेस, दहा चौतीस. कपाटात तो पट सापडला तेव्हा मी तुझ्या टेबलाशीच बसून राहिले. म्हणून तो जमा केलेला नाही. लपवायला ठेवला होता, की दाखवायला, ते मला अजून ठरवता येत नाही.

ठराव झाला त्या संध्याकाळी तू घरी आलीस आणि मला विचारलंस, की ती मुलगी म्हणते मोजणीच्या बाईंनी मला पायरीवरून हात केला. खरं का? मी भाजी निवडत होते. मी म्हटलं, मुलं काय वाट्टेल ते सांगतात. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. दुसऱ्या दिवशी तू वर्गात तिला उभी केलीस आणि म्हणालीस, उशीर झाला तर झाला, पण खोटं बोलू नये. हे मला तूच सांगितलंस, रात्री जेवताना, आणि सांगताना तुला वाईट वाटत होतं. मी तुला भात वाढला.

तिला ‘चाळीस’ का म्हणतात ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पहिल्या पत्रात उगाच साळसूदपणा केला. तिच्या पायांमुळे शाळा गेली, असं वस्तीत सगळे धरून चालतात. तिच्या दोन मैत्रिणींनी बसच्या त्रासाने शाळा सोडली, तेही तिच्याच नावावर आहे.

तुला शंका केव्हा आली, ते मी विचारत नाही. पट मीच पार्सलात घातला. दोन वेळा काढला आणि दोन वेळा घातला.

आई


३ मे

खारूताई,

तुझं उत्तर नाही. ते येईल असं धरून मी काही केलेलं नाही, त्यामुळे हे फक्त कळवण्यासाठी.

काल मंडळाच्या बैठकीत गेले. निवृत्त माणसाला बोलायचं असेल तर आठ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. तो मीच तयार केलेला नमुना आहे, त्यात ‘विषय’ ची जागा किती कमी ठेवली आहे ते भरताना कळलं. मी लिहिलं, मोजणीतील चूक. मग ‘चूक’ खोडून ‘खोटी नोंद’ लिहिलं. चष्मेवाल्याने अर्ज घेतला, वाचला आणि म्हणाला, बाई, बसा, पाणी आणतो. त्याच्या त्या पायरीच्या विनोदाची मी त्याला आठवण करून दिली. त्याला आठवतही नाही. खरंच आठवत नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. दोन वर्षं मी ते वाक्य उशाशी घेऊन झोपते आहे.

खोली तीच, सात खुर्च्या, पंखा तसाच कुरकुरतो. अध्यक्ष अजून औषधवालेच आहेत. मी उभी राहून सांगितलं, तुला लिहिलं तेवढंच, चपलेसकट. झाल्यावर औषधवाल्यांनी अर्ज बाजूला सारला. मग गोळी किती वेळा घ्यायची ते सांगावं तशा आवाजात म्हणाले, की बाई, तुम्ही नियमाच्या बाहेर काही केलं नाही. दहा एकतीसला सही करायचा तुम्हाला अधिकार होता. आता हे उकरून कुणाचं भलं होणार?

मी म्हटलं, एका मुलीचं.

शिवणवाल्या बाईंनी मग एकच विचारलं. ‘तुम्ही तिला बघितलं तेव्हा शाई वाळली होती?’

मी म्हटलं, नाही.

त्यांनी हातातला कागद उलटा करून ठेवला.

शाळा पुन्हा उघडावी का यावर मतं घेतली. तीन विरुद्ध चार. उघडणार नाही. औषधवाले म्हणाले ते खोटंही नव्हतं. शिक्षक नाहीत, छत गळतं, मुलं आता एकतीसच उरली आहेत. मी लिहिलेल्या एकोणचाळीसचे एकतीस झाले, बाकीच्यांची घरंच खाली आली. कोठाराचं सामान पुढच्या आठवड्यात वर जाईल.

दुसरा ठराव मात्र सर्वानुमते झाला, आणि या वेळी शिवणवाल्या बाईंनी प्रत्येकाकडून तोंडाने होकार वदवून घेतला. मोजणी वहीत दुरुस्ती करायची. त्या दिवशी हजर, चाळीस. त्याची सहीशिक्क्याची नक्कल मुलीच्या घरी द्यायची आणि मोठ्या शाळेत प्रार्थनेनंतर वाचून दाखवायची. वहीत रेघ मारायला पेन माझ्याकडे दिलं. हात चांगला स्थिर होता. त्याचाच राग आला.

आई


११ मे

खारूताई,

चार तारखेला नक्कल घेऊन मी स्वतः वर गेले. टपालाने पाठवतो म्हणत होते.

टाकीच्या वळणापाशी थांबून शाळेकडे बघितलं. पायरी तिथून अगदी स्वच्छ दिसते. उभं असलेलं माणूस कोण आहे तेही ओळखू येतं. एवढी वर्षं मी वरूनच खाली बघत होते, हे कधी तपासलं नव्हतं.

घरात तिची आजी होती आणि ती होती. बारा वर्षांची झाली आहे, उंच, नखं कुरतडते. आजीने मला ओळखलं नाही. तिने ओळखलं. बसायला स्टूल दिलं आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी कागद वाचून दाखवला. आजीला ऐकायला कमी येतं, म्हणून पुन्हा मोठ्याने वाचला. दुसऱ्यांदा वाचताना ते बाहेरच्या दोन बायकांनीही ऐकलं. ते बरंच झालं.

मी तिला म्हटलं, तू वेळेत होतीस. मी तुला बघितलं होतं, तरी लिहिलं नाही. चूक माझी आहे.

ती म्हणाली, ‘मला माहितीये. तुम्ही हात केला होता.’

एवढं साधं म्हणाली. जशी काही मी तिला तिच्याच घराचा पत्ता सांगत होते. रडली नाही, रागावली नाही. शाळा उघडणार का, तेही विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, की उघडणार नाही. तिने मान हलवली. त्या वयाच्या मुलीने मोठ्या माणसांच्या निर्णयावर अशी मान हलवू नये.

मी उठले तेव्हा ती वळणापर्यंत सोबत आली. तिथे तिने विचारलं, ‘मी खोटं बोलत नव्हते, हे बाईंना सांगितलंत का?’

मला आधी कळेना कोणत्या बाई. मग कळलं. मी म्हटलं, सांगितलं, पत्रातून.

‘मग काय म्हणाल्या?’

खारूताई, औषधवाल्यांपुढे मी अडखळले नव्हते. इथे मी उगाच पदर सारखा केला. मी म्हटलं, अजून उत्तर आलेलं नाही, लांब आहेत, टपालाला वेळ लागतो. ती मलाच धीर दिल्यासारखं म्हणाली, आलं की सांगा.

म्हणून हे शेवटचं मागणं. मला लिहू नकोस. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू सावकाश ठरव, आणि नाही ठरवलंस तरी मी समजेन. तिला लिही. दोन ओळी पुरतील. तिचं खरं नाव तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तेच पाकिटावर मोठ्या अक्षरात घाल. पोस्टमन वर चढत नाही, वस्तीची पत्रं तो खालच्या दुकानात ठेवतो. पत्ता दुकानाचाच दे.

बस सव्वाचारला येते. दुकानदारीण काल सांगत होती, तेव्हापासून ती मुलगी रोज उतरली की घरी जायच्या आधी दुकानात डोकावते. काही घेत नाही. फळीवरच्या पाकिटांकडे बघते आणि जाते.

आई